मजुरांची टंचाई आणि बायकांची वही

(शेतमजूर स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



सोयाबीन काढणीला आले, कापूस फुटला, द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली, की सोसायटीच्या ओट्यापासून बाजार समितीपर्यंत एकच वाक्य ऐकू येते : 'मजूर मिळत नाहीत.' आणि त्याच दिवसांत दहा-पंधरा कोसांवरच्या पाड्यातल्या बायका आपल्याला विचारतात, 'ताई, कुठं काम आहे का?' ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असतात. ती एकमेकांना का भेटत नाहीत आणि भेटतात तेव्हा कोणाच्या अटींवर भेटतात, याचा आज विचार करायचा आहे.

आधी टंचाई म्हणजे काय ते पाहू. वाळलेल्या सोयाबीनच्या शेंगा वेळेत काढल्या नाहीत तर तडकतात. फुटलेल्या कापसावर पाऊस पडला की प्रत उतरते. नाशिककडे ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणी, डिपिंग ही कामे सगळ्या बागांत जवळजवळ एकदमच येतात. म्हणजे हातांची टंचाई असते ती काही आठवड्यांची. चैत्र-वैशाखात कोरडवाहू गावात टंचाई असते ती कामाची. तिच्याबद्दल मात्र ओट्यावर कोणी बोलत नाही. शेतकऱ्याची अडचण खोटी आहे असे मी म्हणत नाही. आपल्या गटांतल्या कितीतरी बायका सकाळी स्वतःच्या दीड एकरात राबतात आणि नंतर दुसऱ्याच्या बांधावर जातात. त्यांना दोन्ही बाजू ठाऊक आहेत. पण टंचाई आहे तर मजुरीचा दर चढायला हवा. बाईचा दर पुरुषाच्या मागेच का राहतो?

याचे उत्तर मजूर आणि काम यांची गाठ घालून देणाऱ्याकडे आहे. आज ही गाठ तीन प्रकारे पडते. पहिला प्रकार नाक्याचा. नाशिकजवळच्या गिरणाऱ्याला पेठ, सुरगाणा, हरसूल भागातले आदिवासी मजूर येऊन उभे राहतात आणि बागायतदार तिथूनच माणसे नेतात. दर तिथेच, उभ्या उभ्या ठरतो. लेकुरवाळी, गरोदर किंवा वय झालेली बाई मागे राहते. दुसरा प्रकार टेम्पोवाल्याचा. तो गावातून टोळी उचलतो, एकराचे काम उक्ते घेतो आणि आपले भाडे, आपला वाटा कापून उरलेले वाटतो. शेतकऱ्याने एकरी किती दिले, हे बाईला कळतच नाही.

तिसरा प्रकार ऊसतोडीचा, आणि तो सर्वांत जाचक. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून जोडपी निघतात. मुकादम आधी उचल देतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब त्याच्याशी. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, पहाटे आणि रात्री चूल पेटवते. तरी कागदावर ती अर्धा कोयता, म्हणजे कोणीच नाही. एक दिवस काम चुकले तर खाडा. पाळीच्या, दुखण्याच्या दिवसालाही खाडा. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला. त्यात डॉक्टरांचा नफा होता, तशी या खाड्याची भीतीही होती.

मग सरकार कुठे होते? सरकारची सेवायोजन कार्यालये होती. पण रिकाम्या जागा कळवण्याची सक्ती करणाऱ्या 1959 च्या कायद्यातून खाजगी शेतीतील कामे वगळलेली होती. अपवाद होता तो शेतीयंत्रे चालवणाऱ्यांचा! ट्रॅक्टरवर बसणाऱ्याची नोंद होऊ शकत होती, खुरपे धरणारीची नाही. हा केवळ योगायोग मानायचा का?

बाईने स्वतः 'मला काम द्या' म्हणायचे आणि सरकारने ते द्यायचे, ही वाट आपल्याकडे रोजगार हमीने दाखवली. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, 1977 मध्ये कायदा झाला. हजारो बायका खडी फोडायला गेल्या, कारण तिथे मोजमापाप्रमाणे मजुरी होती आणि कोणाच्या वाड्यावर हात पसरायचे नव्हते. 2005 च्या केंद्रीय कायद्याने कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची हमी दिली आणि किमान एक तृतीयांश काम स्त्रियांना द्यावे असे सांगितले. दुसरे काम हाताशी असले, की शेतमालकाशी दराबद्दल बोलताना बाईची मान ताठ राहते.

म्हणूनच डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेला नवा ग्रामीण रोजगार कायदा नीट वाचा. दिवस 125 केले आहेत. पण पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात मिळून 60 दिवस ही कामे बंद ठेवण्याची तरतूदही आहे. शेतीला मजूर मिळावेत, हे त्याचे कारण. म्हणजे बाईच्या श्रमाला सर्वाधिक मागणी असते, त्याच दिवसांत तिच्या हातातला दुसरा पर्याय काढून घ्यायचा. टंचाई दूर करण्याचा हा मार्ग मजुरी वाढवण्याचा नाही, बाईची नड वाढवण्याचा आहे.

आपण काय करायचे? माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटाने हंगामाची एक वही घालावी. एका पानावर काम हवे असलेल्या बाया : नाव, कोणते काम येते, किती लांब जाऊ शकते, बरोबर मूल आहे का. समोरच्या पानावर शेतकरी : गाव, पीक, काम कोणत्या आठवड्यात, किती जणी हव्यात. दोन गावांच्या वह्या आठवड्याच्या बाजारी एकत्र बसवल्या, की गाठ पडते. मोबाईल असेल तर वापरावा, पण फोन घरच्या पुरुषाकडे असतो हे विसरू नये.

नोंद करताना पाच गोष्टी आधी ठरवाव्यात. दर काय, आणि त्याच कामाला पुरुषाचा दर किती. जाण्या-येण्याचे भाडे कोणाकडे. वेचणी किलोवर असेल तर काटा कोण पाहणार. पाणी, आडोसा आणि मुलांकडे पाहायला एक बाई. तिलाही पूर्ण मजुरी. आणि पैसे प्रत्येकीच्या स्वतःच्या हातात, रोजच्या रोज किंवा ठरल्या दिवशी.

कोणी म्हणेल, अशाने आपणच मुकादम होऊ. हा धोका खरा आहे. म्हणून वहीला तीन बंधने हवीत : उचल द्यायची नाही, मजुरीतून दलाली घ्यायची नाही, आणि वही कोणत्याही बाईने मागितली की तिला वाचून दाखवायची. समान कामाला समान वेतन 1976 पासून कायद्यात आहे. त्या कायद्याची जागा आता वेतन संहितेने घेतली, तरी तत्त्व तेच आहे. पण कोणत्या शेतात, कोणत्या तारखेला, कोणाला किती दिले, याची नोंद नसेल तर तक्रार उभीच राहत नाही. ती नोंद या वहीत असेल.

वहीने जमिनीचे वाटप होणार नाही, शेतमालाचा भावही वाढणार नाही. पण पुढच्या हंगामात कोणी 'मजूर मिळत नाहीत' म्हणाले, तर तुम्हाला विचारता येईल : किती हवेत, कधी हवेत, आणि काय देणार?