रॅन्सिड म्हणजे खवट

अंथुर्ण्याच्या एका बचत गटातल्या ताईंनी मला मोबाईल दाखवला. पुण्याच्या गिऱ्हाइकानं त्यांच्या शेंगदाणा चटणीबद्दल एकच इंग्रजी शब्द लिहिला होता, ‘रॅन्सिड’. ताई घाबरल्या. म्हणाल्या, चटणीला बुरशी लागली का हो?

नाही. रॅन्सिड म्हणजे खवट. हा शब्द तेल, तूप, लोणी आणि तेलकट जिनसांनाच लावतात. दूध नासतं, आमटी आंबते, टोमॅटो सडतो, भाकरीला बुरशी येते, यांना कोणी रॅन्सिड म्हणत नाही. ‘स्पॉइल्ड’ म्हटलं की सगळंच खराब आलं. ‘स्टेल’ म्हणजे शिळं, मऊ पडलेलं. आपल्या मराठीत तर यासाठी केवढे शब्द! ते उगाच नाहीत, प्रत्येक शब्दामागचं कारण वेगळं आहे.

आमटी आंबते ती जंतूंमुळे. खवटपणाला मात्र बहुतेक वेळा हवाच पुरते, आणि ऊन, उष्णता मिळाली की तो लवकर येतो. म्हणून कोरडी ठाक चटणीसुद्धा खवट होते. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल. कुटला की ते उघडं पडतं. बाजरीचंच बघा ना. दाणे कणगीत महिनोन्महिने टिकतात, पण पीठ आठ-दहा दिवसांत कडू लागतं. आपल्या आया थोडंथोडं दळायच्या ते याचसाठी.

बुरशीचा शेंगदाणा ही निराळी गोष्ट. त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि ते भाजून पूर्ण जात नाही. तो दाणा सरळ टाकायचा, स्वस्तात मिळाला तरी. खवटपणाही पुन्हा भाजून जात नाही.

तेव्हा पोतं घेताना मूठभर दाणे चावून बघा. भाजलेले दाणे पूर्ण गार झाल्यावरच कुटा. बरणी काठोकाठ भरा आणि उन्हात मांडू नका. उरलेली जुनी चटणी नव्यात मिसळायची तर अजिबात नाही, खवट तेल ताज्यालाही लवकर बिघडवतं.

गिऱ्हाइकाला आधी विचारा, नुसता वास येतोय की बुरशी दिसतेय? आणि प्रत्येक खेपेतली दोन-चार पाकिटं घरी ठेवा. दर आठवड्याला एक फोडून वास घ्या, चव बघा. वास बदलला तो आठवडा वहीत लिहा, आणि पाकिटावरची तारीख त्याच्या बरीच अलीकडची टाका.