घेतलेल्या निर्णयांकडे वळून पाहताना



पदवी हाती पडते तेव्हा शिक्षणाचा एक टप्पा संपतो आणि निवडींचा काळ सुरू होतो; नोकरी, गाव, जोडीदार यांविषयी पंचविशीच्या आतबाहेर घेतलेल्या निर्णयांकडे माणूस चाळिशीत वळून पाहतो, तेव्हा दुसरी वाट धरली असती तर काय झाले असते, हा प्रश्न त्याची पाठ सोडत नाही. या प्रश्नात दोन निराळ्या भावना मिसळलेल्या असतात. आपल्या कृतीमुळे हानी झाल्याची जाणीव आणि ती भरून काढण्याची इच्छा म्हणजे पश्चात्ताप. हातून निसटलेल्या संधीबद्दल मनात रेंगाळणारे दुःख म्हणजे हळहळ. पश्चात्ताप माणसाला कामाला लावतो. हळहळ मात्र त्याला बहुधा जागीच खिळवून ठेवते, कारण परिणाम दिसल्यानंतर कळलेल्या गोष्टींच्या आधारे तो आपल्या तरुणपणीच्या बुद्धीला दोषी ठरवत राहतो.

अहमदनगरशी (आताच्या अहिल्यानगरशी) निकटचा संबंध असलेल्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक यांचे आयुष्य या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि कर्मठ सोवळ्याच्या घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंना काही वर्षे पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयाने काढावी लागली. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी धर्म बदलण्याची घाई त्यांनी केली नाही. जातिभेद माणसानेच निर्माण केला आहे, असे स्वतःच्या बुद्धीला पटल्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा, घेतली. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या ताटातुटीचे दुःख झाकत नाहीत, पतीच्या लहरी स्वभावावर पांघरूण घालत नाहीत आणि स्वतःच्या भाबडेपणावरही मोकळेपणाने हसतात. टिळकांचा निर्णय तत्त्वनिष्ठेतून आला होता हे खरे आणि त्याची किंमत पत्नीने मोजली हेही खरे. त्यांपैकी एकाही सत्याला लक्ष्मीबाई दुसऱ्याखाली दडपत नाहीत. १९१९ साली टिळक निवर्तले, तेव्हा अपुरे राहिलेले त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य, फारसे शालेय शिक्षण न झालेल्या लक्ष्मीबाईंनीच पुढे पूर्णत्वास नेले.

चुकीच्या निर्णयांचा पश्चात्ताप एखादे संपूर्ण गावही करू शकते, हे नगर तालुक्यातील हिवरे बाजारने दाखवून दिले. बेसुमार वृक्षतोड आणि वारंवारचे दुष्काळ यांमुळे डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या आणि लोक मजुरीसाठी बाहेर पडले. एम.कॉम. झालेले पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले आणि त्यानंतर ग्रामसभेने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व श्रमदान असे नियम स्वीकारले. शेतीसाठी बोअर घेण्यावर आणि उसासारख्या जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर बंधन घातले. पावसाची नोंद ठेवायची, उपलब्ध पाण्याचा ताळेबंद, म्हणजे जमा आणि खर्च यांचा मेळ, ग्रामसभेत मांडायचा आणि मगच पिके ठरवायची, ही तेथील रीत आहे. गेलेल्या झाडांसाठी हळहळत न बसता गावाने त्या चुकीचे नियमांत रूपांतर केले, म्हणून स्थलांतर केलेली कुटुंबेही परत आली.

आजच्या स्नातकांपैकी कोणी स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याच्या अभ्यासिकेत काही वर्षे घालवेल आणि यादीत नाव न आल्याने गावी परतेल. कोणी घरची शेती सोडल्याबद्दल, तर कोणी ती न सोडल्याबद्दल स्वतःला बोल लावेल. अशा वेळी तीन प्रश्न उपयोगी पडतात: निर्णय घेतला तेव्हा कोणती माहिती हाताशी होती, त्या निर्णयाची किंमत आणखी कोणाला मोजावी लागली, आणि आता त्यातले काय दुरुस्त करता येईल. पहिल्या प्रश्नाने स्वतःवरचा अन्याय टळतो, दुसऱ्याने इतरांवरचा अन्याय दृष्टीआड होत नाही, आणि तिसरा पुढच्या कामाकडे नेतो. सर्व निर्णय अचूक ठरावेत, अशी अपेक्षा कोणत्याही विद्यापीठाने आपल्या स्नातकांकडून ठेवू नये; ज्यांना आपल्या निर्णयाची झळ बसली त्यांच्याकडे परत जाण्याची आणि जे सुधारता येईल ते सुधारण्याची अपेक्षा मात्र त्याने अवश्य ठेवावी.