शेतरक्षणाची बंदूक आणि शासनाची जबाबदारी

(इंझोरी, ता. मानोरा, जि. वाशीम येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



तूर फुलोऱ्यावर आली की इंझोरीच्या शिवारातील शेतकऱ्याची झोप संपते. रोह्यांचा कळप शेतात शिरला, रानडुकरांनी सरी उकरली, की चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत मातीमोल होते. मग मचाणावर जागल, डबे वाजविणे, फटाके फोडणे हे सारे होते आणि तरीही सकाळी बांधावर बसून कपाळाला हात लावण्याची पाळी येतेच. अशा वेळी "आम्हाला बंदुकीचा परवाना द्या" ही मागणी पुढे येते. तिच्यावर हसण्याचे कारण नाही, आणि टाळ्या वाजविण्याचेही नाही.

बंदुकीच्या हक्काचा विषय निघाला की अमेरिकेचा दाखला दिला जातो. तेथे १७९१ पासून तो हक्क राज्यघटनेत आहे. पण या देशालाही या वादाचा स्वतःचा इतिहास आहे. १८७८ साली लिटनच्या राजवटीत शस्त्रबंदीचा कायदा झाला. त्यातून गोऱ्यांना सूट आणि हिंदी माणसाला परवान्याची सक्ती! त्या अपमानाचा सल राष्ट्रीय चळवळीच्या मनात खोल रुतला होता. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही १९३० साली मांडलेल्या अकरा मागण्यांत, लोकनियंत्रणाखाली स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत, अशी मागणी घातली होती. १९३१ च्या कराची काँग्रेसने तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या ठरावात नोंदविला.

डिसेंबर १९४८ मध्ये हाच हक्क राज्यघटनेत यावा म्हणून घटना समितीत दुरुस्ती मांडली ती हरि विष्णू कामत यांनी. ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी होते आणि पुढे प्रजा समाजवादी पक्षाचे खासदार झाले. डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही. सरसकट हक्क दिल्यास गुन्हेगारांच्या हातीही शस्त्र जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. नागरिकाच्या बाबतीत महत्त्वाचा तो हक्क नसून, राज्य संकटात असता शस्त्र धरण्याचे कर्तव्य होय, असेही त्यांनी बजावले. कामतांची तळमळ खरी होती. पण निर्णय योग्य झाला तो आंबेडकरांचाच. ज्या गावात जमीन, पाणी आणि पाटीलकी मोजक्या घरांत साठलेली असते, तेथे बंदुकीचा मोकळा हक्क प्रथम कोणाच्या माडीवर चढेल आणि तिची नळी कोणत्या वस्तीकडे वळेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

मात्र घटनेने हक्क नाकारला म्हणून कायद्याने शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडलेले नाही. ही गोष्ट फार थोड्या कार्यकर्त्यांना ठाऊक असते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्पष्ट तरतूद आहे. ती बंदूक अपुरी पडते अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी साधी, आटे नसलेल्या नळीची बंदूकही देता येते. कलम १४ तर त्याहून पुढे जाते. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. कायद्याच्या पुस्तकात तीन एकरवाला आणि तीनशे एकरवाला एका ओळीत उभे आहेत. कचेरीच्या दारात मात्र ती ओळ मोडते. तेथे हेलपाटे, पोलीस अहवाल आणि ओळखपाळख यांचा हिशेब सुरू होतो.

दुसरी मेख अशी की बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची मुभा नव्हे. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. उभ्या पिकाला धोका असल्यास रोही व रानडुक्कर यांच्याबाबत ती मिळू शकते. कारंजा-सोहोळ अभयारण्याचे भूषण असलेल्या काळविटाला मात्र पिकासाठी हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु कारंजाचे अभयारण्य साऱ्या महाराष्ट्राचे असेल, तर त्यातून बाहेर पडणाऱ्या कळपाचा खर्च शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याने एकट्याने का सोसावा?

बंदूक मिळत नाही, भरपाई पंचनाम्यात अडकते, तेव्हा हताश माणूस कुंपणात वीज सोडतो. विदर्भात अशा तारांनी जनावरे मेली, वाघ मेले आणि माणसेही मेली. रात्री ओलिताला निघालेल्या मजुराला तार दिसत नाही. बंदुकीला निदान परवाना असतो आणि चालविणारा समोर असतो. या तारेला ना परवाना, ना डोळे. शस्त्रनियंत्रणाच्या चर्चेत या हत्याराचे नाव कोणी घेत नाही, हे नवलच!

म्हणून मागणी घरोघर बंदुकीची असू नये. शासनाने शस्त्र आपल्या हाती ठेवले आहे, तेव्हा राखणही त्यानेच केली पाहिजे. अभयारण्यालगतच्या गावांना सामुदायिक कुंपण सरकारी खर्चाने मिळावे, भरपाई वेळेत मिळावी, आणि मारणे अटळ असेल तेथे वनखात्याने आपल्या देखरेखीखाली प्रशिक्षित माणसे पाठवावीत. हे होईपर्यंत ज्या अल्पभूधारकाला परवाना हवा असेल, त्याच्याबरोबर कार्यकर्त्याने जिल्हाधिकारी कचेरीत जावे. अर्ज नाकारला गेल्यास कारणे नोंदविण्याचे बंधन अधिकाऱ्यावर आहे. ती लेखी मागावीत आणि त्यांवर अपील करावे.