घरविक्री, परदेशगमन आणि कराचे साल

आदिलाबाद, निर्मल, निजामाबाद या पट्ट्यातून आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांपैकी काही जण निघण्यापूर्वी गावचे घर विकतात आणि विमानात बसण्याआधी खरेदीखत झाले म्हणजे आपण निवासी म्हणूनच कर भरणार, असे गृहीत धरतात; हा समज महागात पडणारा असल्यामुळे या भाषणाचा बहुतेक वेळ त्यालाच द्यावा लागणार आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील गुडीहत्नूरच्या शिवारातील कापसाचे रान ग्रामीण शेतजमीन म्हणून भांडवली नफ्याच्या, म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या फायद्यावरील, करातून सुटते. गावातल्या घराला मात्र ती सवलत नाही.

विक्रीच्या दिवशी विक्रेता कोठे होता हे आयकर कायदा पाहत नाही. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तो भारतात किती दिवस राहिला हे पाहतो, आणि नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाचे असे दिवस १८२ पेक्षा कमी भरले, तर तो त्या संपूर्ण वर्षापुरता सामान्यतः अनिवासी ठरतो. सालगड्याचे साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत धरतात आणि जो गडी मध्येच काम सोडतो त्याचा हिशेब वेगळा मांडतात, मग चैत्र-वैशाखात तो कितीही राबलेला असो. तसेच मे महिन्यात घर विकून जूनमध्ये दुबईला गेलेला माणूस, सही करताना स्वतःच्याच ओसरीवर बसलेला असला, तरी कराच्या सालात सामान्यतः अनिवासीच ठरतो. सालगडी घेतो तशी उचलही, म्हणजे आगाऊ रक्कम, येथे आहे, फक्त ती सरकार घेते.

आधी करातला फरक, मग ती उचल. २००१ पूर्वीच्या ज्या घराची १ एप्रिल २००१ रोजीची वाजवी किंमत १० लाख होती, ते २०२५-२६ मध्ये ४५ लाखांना विकले, तर निवासी विक्रेत्याला महागाई निर्देशांकाने मूळ किंमत ३७ लाख ६० हजारांपर्यंत वाढवून उरलेल्या ७ लाख ४० हजारांवर २० टक्के, म्हणजे १ लाख ४८ हजार कर भरण्याचा पर्याय आहे. २३ जुलै २०२४ पासूनच्या व्यवस्थेत अनिवासीला हा पर्याय नाही, म्हणून त्याला ३५ लाखांवर साडेबारा टक्क्यांनी सुमारे ४ लाख ३७ हजार भरावे लागतात, उपकर निराळा. शिवाय अधिकाऱ्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आधी आणलेले नसेल, तर खरेदीदाराने नफ्यावर नव्हे, पूर्ण ४५ लाखांवर कर कापून घ्यायचा असतो. जास्तीची रक्कम विवरणपत्र भरल्यावर परत मिळते, पण ती उचल तोवर अडकून पडते.

दोन वर्षांत दुसरे घर घेतल्यास मिळणाऱ्या करसवलतीविषयी बरेच सांगण्यासारखे आहे, परंतु वेळ संपत आल्याने ते घर भारतातच असावे लागते एवढेच येथे नोंदवता येते. मूळ मुद्दा मात्र पुन्हा सांगणे भाग आहे, कारण तोच ऐकून विसरला जातो: निर्णय खरेदीखताच्या तारखेवर नाही, वर्षभराच्या दिवसांवर आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी घर आधीच्या मार्चअखेरपर्यंत विकावे किंवा प्रस्थान सप्टेंबर सरल्यावर ठेवावे, आणि इसार घेण्यापूर्वीच पंचांगाबरोबर हे दिवसही मोजून घ्यावेत.