गांजाच्या केसमध्ये पॅरोल मिळतो का?

‘नवरा गांजाच्या केसमध्ये आत आहे, सासू अंथरुणाला खिळलीय, त्याला चार दिवस तरी सोडतील का?’ असं बायका आम्हाला विचारतात. या कायद्यात पॅरोलच नाही, असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं. तसं नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात शिक्षेत सूट मिळत नाही, हे खरं. पण २००० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की पॅरोल म्हणजे शिक्षा थांबवणं नव्हे. नियमांत बसत असेल तर तो देता येतो.

अर्ज कैद्यानं तुरुंग अधीक्षकांकडे द्यायचा. सोबत डॉक्टरचा दाखला जोडा. मग पोलीस घरी चौकशीला येतात. तो राहणार कुठे, जामीन कोण राहणार, गावात कुणाशी वैर आहे का, असं विचारतात. घाबरून ‘आम्हाला काही माहीत नाही’ म्हणू नका, त्यांचा अहवाल पुढे जातो. आणि तो घरी येण्याचीच भीती वाटत असेल, तर तेही सांगा. नवऱ्यासाठी खोटं बोलायचं काही कारण नाही.

नकार आला तर कारण लेखी मागा. हायकोर्टात जाता येतं. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. बाईला आणि कैद्याला उत्पन्नाची अट नाही.