सहा खेड्यांतील मुलांची गोष्ट
(सांगोला येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलाच्या बुद्धीची आणि वागणुकीची घडण शाळेच्या पहिल्या दिवसापासून होते, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. पहिलीतल्या मुलाचे पाटीवर लक्ष टिकले नाही, की 'ढ' असा शेरा मारून मंडळी मोकळी होतात. हा शेरा किती उतावीळपणाचा आहे, हे पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील एका संशोधनावरून ध्यानात येते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली हे काम हाती घेतले. २,४०० हून अधिक विवाहित स्त्रियांची नोंद गर्भ राहण्यापूर्वीच झाली. पुढे जन्मलेल्या मुलांची तपासणी सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी आणि त्यानंतरही होत राहिली. एवढी चिकाटी आपल्याकडे विरळाच.

या बालकांचे जन्माचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलोच्या आसपास होते. गरोदरपणी पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बालके तुलनेने मोठी होती. ज्यांच्या वाट्याला शेतीची व घरची अंगमेहनत अधिक होती, त्यांची लहान. सांगोल्यासारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात, जेथे टंचाईच्या दिवसांत पाण्याचा हंडा बाईच्याच डोक्यावर येतो, तेथे हा निष्कर्ष निराळा समजावून सांगावा लागू नये. पाणीपुरवठ्याचा ठराव मांडताना पंचायतीने गर्भवतीच्या डोक्यावरील हंड्याचाही हिशेब धरावा.

शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग निराळा आहे. या मुलांपैकी काहींची वयाच्या नवव्या वर्षी बौद्धिक चाचणी घेण्यात आली. ज्यांच्या मातांच्या रक्तात गरोदरपणी 'ब-१२' हे जीवनसत्त्व कमी होते, ती मुले लक्ष टिकवणे आणि ऐकलेले आकडे उलट क्रमाने सांगणे यांत मागे पडली. इतर चाचण्यांत मात्र फरक दिसला नाही. म्हणजे हे मूल सर्वस्वी मंद नव्हे. त्याचे लक्ष लवकर विचलित होते, इतकेच. अर्थात एका अभ्यासावरून कोणाचे भविष्य वर्तवू नये.

'ब-१२' हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मांस व मासे यांतून मिळते, भाजीभाकरीतून नाही. गोठ्यातले दूध पहाटे डेअरीवर जाते आणि घरच्या सुनेच्या वाट्याला कोरा चहा येतो, ही गोष्ट उपस्थितांपैकी अनेकांनी पाहिली असेल.

पुढे २०१२ साली याच मुलांना, ती तारुण्यात पदार्पण करीत असताना, 'ब-१२' च्या अल्प मात्रेच्या गोळ्या देण्याचा प्रयोग सुरू झाला. या मुलींची लग्ने होऊन त्यांना अपत्ये झाली, तेव्हा त्या बालकांचीही तपासणी झाली. ज्या मातांना 'ब-१२' मिळाले होते, त्यांची बालके आकलन व भाषा या दोन बाबींत सरस आढळली. १९९३ साली ज्या स्त्रियांची नोंद झाली, त्यांची ही नातवंडे होत.