जंतुनाशक प्लास्टिक आणि झाडूवाल्याचे हात



कामगार चळवळीतल्या माणसाने वेतनावर बोलावे, ही आपली अपेक्षा रास्तच आहे. परंतु आज आम्ही प्लास्टिकवर बोलणार आहोत. वेतनाचा प्रश्न त्याच्या पोटात कसा दडला आहे, हे ओघाने आपल्या ध्यानात येईलच.

पाण्याची टाकी, भाजी चिरायची फळी, रुग्णालयातल्या खाटेचा कठडा, ह्या वस्तूंवर हल्ली 'जंतुनाशक' असा शिक्का दिसतो. हा शिक्का सर्वस्वी खोटा नाही. पण त्याचा अर्थ काय, एवढे तरी गिऱ्हाइकाला कळले पाहिजे. मराठवाडा आणि विदर्भ ह्यांच्या सीमेवरच्या ज्या गावाच्या नावातच नाका आहे, तिथे माल तपासल्याशिवाय पुढे सोडू नये, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

प्रथम हे प्लास्टिक होते कसे ते पाहू. दाणे वितळवून साच्यात दाबले की वस्तू तयार होते. पॉलिप्रॉपिलीनसाठी साधारण दोनशे अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक उष्णता लागते. एवढ्या धगीत पुष्कळशी सेंद्रिय औषधे टिकत नाहीत. म्हणून चांदीचे आयन धरून ठेवणारी काचेची किंवा झिओलाइट खनिजाची भुकटी घेतात. ती आधी थोड्या प्लास्टिकमध्ये दाट कालवून तिचे दाणे पाडतात. कारखान्यात ह्या दाण्यांना मास्टरबॅच म्हणतात. कणकेत मीठ घालावे तसे हे दाणे मग मोठ्या घाण्यात मिसळतात. ओल लागली की चांदीचे आयन पृष्ठभागावर येतात, जंतूच्या प्रथिनांतील गंधकाला चिकटतात आणि त्याचा व्यवहार बंद पाडतात.

ह्यात मेख अशी की, जे झिरपते ते कधीतरी संपते. म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरी वाट शोधली. २००१ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील अलेक्झांडर क्लिबानोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनभारित बहुवारिकाच्या लांब साखळ्या काचेला रासायनिक बंधाने पक्क्या जोडल्या. वर बसलेला जंतू स्पर्शानेच मरतो, असे त्यांनी दाखविले. येथे औषध झिरपत नाही, म्हणून साठा संपण्याचा प्रश्न नाही. पण धुळीचा किंवा तेलकटाचा थर बसला की स्पर्शच तुटतो. आपल्या घरचा तांब्याचा हंडा आठवा. तांबे जंतू मारते, हे खरे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंची तशी नोंदही केली. तरी आपल्या आयाबायांनी चिंच लावून हंडा घासणे कधी सोडले नाही.

आपल्या महाराष्ट्रातही ह्या दिशेने काम झाले आहे. करोनाच्या साथीत पुण्याच्या थिंकर टेक्नॉलॉजीज ह्या कंपनीने त्रिमितीय छपाईच्या तंत्राने मुखपट्ट्या केल्या आणि त्यांवर सोडियम ओलेफिन सल्फोनेटचे मिश्रण चढविले. हे साबणाच्या जातीचे द्रव्य आहे. ते विषाणूचे बाहेरचे स्निग्ध आवरण फोडते. केंद्र सरकारच्या तंत्रज्ञान विकास मंडळाने ह्या कामाला अर्थसाहाय्य दिले आणि २०२१ मध्ये ह्या मुखपट्ट्या नंदुरबार व नाशिकच्या सरकारी रुग्णालयांपर्यंत पोहोचल्या. अशा कर्तृत्वाचा आम्हांला अभिमान वाटतो.

आता कसोटीकडे वळू. प्लास्टिकसाठी आयएसओ २२१९६ नावाची आंतरराष्ट्रीय कसोटी आहे. पन्नास मिलिमीटर चौरस तुकड्यावर जंतूंचे पाणी घालायचे, वर पातळ पापुद्रा झाकायचा आणि पस्तीस अंश उष्णतेत, दमट हवेत, चोवीस तास ठेवायचे. मग साध्या तुकड्याशी तुलना करायची. म्हणजे '९९.९ टक्के' हा आकडा चोवीस तासांचा आणि ओल्या पापुद्र्याखालचा असू शकतो. हिंगोलीच्या मे महिन्यातला कोरडा कठडा आणि त्यावर पाच मिनिटांपूर्वी टेकलेला हात ह्यांना तो जसाच्या तसा लागू पडत नाही. शिवाय हिशेब करून पाहा. दहा लाख जंतूंपैकी ९९.९ टक्के मेले, तरी हजार उरले. ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. दहा वेळा दुप्पट झाला की पुन्हा दहा लाख! एवढ्याला साडेतीन तासही लागत नाहीत.

टाकीचेही तसेच. हजार लिटर पाण्याच्या मधोमध तरंगणारा जंतू भिंतीला शिवेल तेव्हा मरेल. आणि तळाशी गाळ साचला की भिंतच झाकली जाते. त्यापेक्षा ब्लीचिंग पावडर पाण्यातच काम करते. नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरावे, असे भारतीय मानक सांगते. टाकी कोणतीही घ्या, ती घासणे आणि क्लोरीन पाहणे सुटत नाही.

आणखी एक धोका आहे. ट्रायक्लोसान हे द्रव्य साबणापासून प्लास्टिकपर्यंत सर्वत्र घातले गेले. साध्या साबणाहून ते सरस आहे, असे उत्पादकांना दाखवून देता आले नाही, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये घरगुती धुण्याच्या साबणांत त्यासह एकोणीस द्रव्यांना मनाई केली. थोडे थोडे विष सतत पेरले, तर त्याला दाद न देणारे जंतूच मागे उरतात.

आता वेतनाकडे येतो. रुग्णालय जेव्हा जंतुनाशक खाटा घेईल, तेव्हा कुणीतरी हिशेबनीस म्हणेल, "मग पुसायला चार माणसे कशाला? दोन पुरेत." आमचा विरोध आहे तो ह्या वाक्याला, प्लास्टिकला नव्हे. कठड्यावरची घाण हाताने निघते, आणि घाण निघाली तरच ते प्लास्टिक आपले काम करते. झाडूवाला कमी करून घेतलेली जंतुनाशक खाट म्हणजे दिवा आणून तेल विसरण्यासारखे आहे! तिकडे कारखान्यात चांदीची भुकटी तोलणाऱ्या कामगारालाही धूळ ओढून घेणारा पंखा आणि चांगली मुखपट्टी मिळालीच पाहिजे. दुसऱ्याच्या आरोग्यासाठी एकाची फुप्फुसे खर्ची घालण्याचा अधिकार कुणालाही नाही.

म्हणून शिक्का दिसला की चार प्रश्न विचारा. कोणते द्रव्य घातले आहे? कोणत्या जंतूवर, किती तासांत, कोणत्या कसोटीने पाहिले? शंभर वेळा धुतल्यावर गुण किती उरतो? आणि ती वस्तू पुसणार कोण, त्याला वेतन किती? पहिल्या तिघांची उत्तरे प्रयोगशाळेने द्यावीत. चौथ्याचे उत्तर आपण सर्वांनी मिळून द्यायचे आहे.